मागच्या दिव्यांचे उत्तमकाका

शेलूबाजारच्या हमरस्त्यावर एखादी नवी गाडी येऊन थांबली की लोक पुढून पाहतात. कोणत्या कंपनीची आहे, नंबर कुठला आहे, आत कोण बसलंय. उत्तमकाका मात्र सरळ गाडीच्या मागे जायचे. गाडीच्या तोंडाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. हात पाठीशी बांधून, कमरेत जरा वाकून आधी डावा दिवा पाहायचे, मग उजवा, आणि मालकाकडे न बघताच विचारायचे, "झाडाखाली उभी राह्यते का उघड्यावर?" मालकाला वाटे, हा माणूस म्हशीची चौकशी करतोय.

गाडी निघाली की त्याहून वेगळी गंमत असे. हातात कोणतंही काम असो, काका ते खाली ठेवायचे, फडक्याला हात पुसायचे आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहायचे. भर दुपारीसुद्धा ते प्रत्येकाला मागचे दिवे लावून जायला सांगत. "पुलापोतर तरी लावून जाजा," म्हणायचे. लोक हसत, पण लावत. मग ते दोन लाल ठिपके पूल ओलांडून, पुढचा चढ चढून दिसेनासे होईपर्यंत काका हलायचे नाहीत. मी एकदा विचारलं, की काका, गिऱ्हाइकाला एवढं काय पाहायचं? ते म्हणाले, "येनाऱ्याले कोनीबी पाह्यते, मॅडम. जानाऱ्याले पाहाले घरचं मानूस लागते. ज्याचं नसन त्याचा मी."

मी किन्हीराजा गावची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सांगताना लोक म्हणतात, मोठेपणासाठी सांगत नाही. मी मोठेपणासाठीच सांगते. माझ्या आईला सही येत नाही आणि मी बी.एस्सी., बी.एड. करून रिसोडला शाळेत विज्ञान शिकवते, तर का नाही सांगायचं? नोकरी कायम झाल्यावर मी एक जुनी राखाडी गाडी घेतली. गावात पहिल्यांदा नेली तेव्हा बाबा तिच्याभोवती फिरले, छतावर थाप मारली आणि "बरी हाय" म्हणून वावरात निघून गेले. आमच्या घरची तारीफ एवढीच असते.

त्याच वर्षी पावसाळ्यात मी शेलूबाजारला बियाणं घ्यायला गेले होते. मागून एक जीपवाला हॉर्न वाजवत आला, जीप बाजूला घेतली आणि ओरडून म्हणाला, "मॅडम, लाइटमधी पानी हाय." उतरून पाहिलं तर उजवा दिवा निम्मा भरलेला. गाडी हलली की पाणीही हले. जीपवाल्यानेच बोट दाखवलं, त्या निंबाखाली उत्तमकाका बसतात.

निंबाखाली टिनाचा शेड होता. पाटी नव्हती. पाटीच्या जागी तारेवर फुटक्या गाड्यांचे दिवे ओवून टांगले होते, लाल आणि नारिंगी. ऊन पडलं की खाली मातीवर त्यांचे रंगीत डाग पडत आणि वाऱ्याने डाग हलत. काकांनी माझा दिवा पाहिला, मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मासे सोडाचे होते का याच्यात?"

मी म्हणाले, सोडायचेच होते, पण मला मासे चालत नाहीत. त्यावर ते एवढं हसले की शेजारचा सलूनवाला वस्तरा हातात घेऊन बाहेर डोकावला. तिथून आमची ओळख.

त्यांची काम करायची रीत मी पुढे अनेकदा पाहिली. दिवा गाडीतून काढायचा, पाणी ओतून टाकायचं, बल्बची भोकं सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांनी बंद करायची. मग दिवा पाण्याच्या टबात बुडवून एका भोकातून नळीने फुंकायचं. जिथून बुडबुडे येतील तिथे फट. ती जागा पुसून कोरडी करायची आणि तिच्याशेजारी जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. नेलपॉलिशची ती बाटली त्यांच्या पान्या-पेचकसांच्या ओळीत उभी असे. काकू असताना त्यांची होती, म्हणत. लोक चिडवायचे, काका, नखं रंगवता का? काका म्हणायचे, "रंगवतो ना. तुया पोराच्या बारशाले येनार हाय, नटाले नको?" ती बाटली संपली तेव्हा मीच रिसोडहून नवी आणून दिली. रंग जांभळाच पाहिजे, असं बजावलं होतं. लाल काचेवर लाल ठिपका कसा दिसेल?

मग दिवा सुकवायचा. ऊन असेल तर उन्हात पालथा, नसेल तर सलूनवाल्याच्या केस वाळवायच्या मशीनने. पूर्ण सुकला की सांध्यातला जुना डिंक खरवडायचा, सिलिकॉन भरायचं, आणि शेवटी तो जांभळा ठिपका नखाने खरवडून टाकायचा. ठिपका गेला म्हणजे काम झालं. ठिपका असलेला दिवा त्यांनी कधी गाडीला लावला नाही.

एका गोष्टीवर ते चिडायचे. प्रत्येक दिव्याला खालच्या बाजूने एक बारीक भोक असतं. कारखान्यातूनच येतं. काही मेकॅनिक पाणी याच भोकातून आलं समजून ते बुजवून टाकतात. असा दिवा हाती आला की काका त्या मेकॅनिकला तिथे नसतानाही झापायचे. "अरे, दिवा तापते, थंडा होते. त्याले श्वास घ्याले जागा पाह्यजे का नाई? नाक दाबून ठेवतं का कोनाचं?" मी त्यांना त्याचं कारण सांगितलं. आतली हवा तापून फुगते, पावसाने थंड झाली की आकसते आणि बाहेरून हवा ओढून घेते. खालचं भोक बंद असेल तर वरच्या फटीतून पाणीच ओढते. काकांनी ते दोनदा सांगायला लावलं. चहा मागवला. त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला लागले, "हे मी नाई म्हनत, सायन्स म्हनते. आमच्या मॅडमनं सांगतलं. बीएस्सी हाय थे." मी एकदा त्यांच्याकडे गेले तर अनोळखी ट्रकवाला मला उठून जागा द्यायला लागला. माझी पदवी त्या टिनाखाली जितकी फिरली तितकी आमच्या नातेवाइकांतही फिरली नाही.

काकांना एकुलता एक मुलगा, गजानन. गजू. काकू तो शाळेत असतानाच गेलेल्या. त्याने डिप्लोमा केला आणि पुण्याला कारखान्यात लागला. तो पहिल्यांदा निघाला तो दिवस काकांनी मला सांगितला होता. ते तेव्हा गाड्यांची सगळीच वायरिंग करायचे. गजू गावातल्या कोणाच्यातरी गाडीने निघाला, संध्याकाळची वेळ, काका रस्त्यावर उभे. गाडी लांब गेली तसं त्यांच्या लक्षात आलं की तिचा एकच दिवा लागतो आहे. दुसऱ्यात पाणी. "एकच ठिपका दिसे, मॅडम. थोबी मंग मंधातच गायब झाला. समोरून ट्रक येऊन राह्यला, का चढ आला, का लाइट गेला, काई समजे ना. दोन असते तं अजून जरासं पाह्यलं असतं पोराले." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाकीचं काम हळूहळू सोडलं आणि फक्त मागचे दिवे धरले.

हे त्यांनी सांगितलं म्हणून मीही बोलून गेले. मी अकोल्याला कॉलेजला जायची तेव्हा मला बसवून द्यायला कोणी फाट्यावर येत नसे. कोणाचं मन नव्हतं असं नाही. वावरात काम असे, सोंगणी असे, कोणाला वेळ नसे. मी पिशवी घेऊन एकटी चालत यायची आणि खिडकीतून मागे बघायची सवयच मला लागली नाही. मागे बघायला कोणी उभंच नसायचं.  मी निघाले तेव्हा काका रस्त्यावर नेहमीसारखे उभे राहिले. फरक एवढाच की त्या दिवशी त्यांनी हातही वर केला. आरशात मला तो पुलापर्यंत दिसत होता.

गजूने पुढे पुण्यात गाडी घेतली, तीही जुनीच. दिवाळीला त्याला ओव्हरटाइम असे, पोळ्याला सुट्टी नसे, लग्न झाल्यावर सासरचे कार्यक्रम असत. काका कोणाकडे तक्रार करत नसत. पण दरवर्षी पावसाळा तोंडावर येऊन पहिल्या सरी पडल्या की गजू गाडी घेऊन यायचाच, कारण तिच्या डाव्या दिव्यात पाणी जाई. चारदोन दिवस राहायचा, दिवा दुरुस्त करून न्यायचा. लोक थट्टा करायचे. सगळ्या तालुक्याच्या गाड्या कोरड्या करणाऱ्या माणसाच्या पोराची गाडी दरसाल गळते. काका म्हणायचे, "सरकारी काम हाय ते, दरसाल निघते."

माझ्या उजव्या दिव्याची पहिली दुरुस्ती काही दिवस टिकली आणि पुढे तोही दर पावसाळ्यात गळायला लागला. काका म्हणायचे, "तुमच्या गाडीले तुमच्या आधीच्यानं मागून ठोकलेलं हाय. बॉडी वाकली. सांधा धरत नाई." मला ते पटलं. जुनी गाडी घेतली की असं असतंच.

एका वर्षी मी गेले तेव्हा गजूचा दिवा त्यांच्या मांडीवर होता. गजू मागच्या घरात जेवून झोपला होता. मी स्टुलावर बसून बघत होते. काकांनी सगळ्या कडेने सिलिकॉन भरलं, बोटाने सारखं केलं. वरच्या कोपऱ्यात ठिपका होता, तिथे येऊन त्यांचं बोट उचललं गेलं आणि पलीकडे टेकलं. ती नखाएवढी जागा तशीच राहिली. मी म्हणाले, काका, ठिपका राहिला.

त्यांनी घराच्या दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली करून म्हणाले, "राहू द्या."

मला वाटलं त्यांना दिसलं नसेल. मी बोट ठेवून दाखवलं. पाणी तिथूनच जाईल ना.

"जाईन तवाच येईन ना थो," काका म्हणाले. "नाई गेलं आत, तं कायले येईन?"

मी बोट मागे घेतलं. त्यांनी दिवा फडक्याने पुसला, ठिपक्यावरून फडकं जपून फिरवलं. नंतर म्हणाले, "आजपोतर कोनाचं काम खोटं केलं नाई, मॅडम. हा एकच दिवा हाय. तुमी त्याले सांगू नका." मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच. गजू उठून बाहेर आला, दिवा बसवला, निघताना म्हणाला, बाबा, यंदा पक्कं केलं ना? काका म्हणाले, केलं. आणि जाऊन रस्त्यावर उभे राहिले.

मग गजूने नवी गाडी घेतली. कोरी. पेढे घेऊन दाखवायला आला. काका नेहमीप्रमाणे मागे गेले. त्या गाडीला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सलग लाल पट्टी होती. बल्ब नाही, स्क्रू नाही, सांधा नाही. काकांनी पट्टीवरून तळहात फिरवला, कोपऱ्यात नख लावून पाहिलं. "याले तं उघडाची सोयच नाई," म्हणाले. गजू कौतुकाने म्हणाला, हो ना, कारखान्यातूनच बंद येते, पाणी जायचा प्रश्नच नाही. काकांनी पेढा खाल्ला. चांगली आहे म्हणाले, दोनदा म्हणाले. संध्याकाळी तो निघाला तेव्हा मी तिथे होते. ती पट्टी चढावरूनही लखलखीत दिसत होती. काका म्हणाले, "लय दूरपोतर दिसते याचा उजेड." मग आत येऊन टबातलं स्वच्छ पाणी त्यांनी ओतून दिलं आणि रिकामा टब घासत बसले.

ते वर्ष काकांनी कसं काढलं ते मी पाहिलं. बोलणं तेच, थट्टा तीच. पण मध्येच विचारायचे, "मॅडम, ह्या नव्या लाइटीत पानी जातच नाई म्हनतात. सायन्सनं खरं हाय का?" मी म्हणायची, सहसा जात नाही, काका. सहसा म्हणजे? म्हणजे कधी एखाद्यात जातही असेल. ते "हं" म्हणून कामाला लागायचे. पुढच्या खेपेला पुन्हा तोच प्रश्न. गजूचे फोन यायचे. दिवाळीला येतो म्हणाला आणि आला नाही. संक्रांतीलाही नाही. मोठा महामार्ग झाल्यापासून या रस्त्यावरच्या गाड्याही कमी झाल्या होत्या. काका रिकामे असले तरी संध्याकाळी कडेला उभे असत, अनोळखी गाड्यांना बघत.

पावसाळ्याच्या तोंडावर, पहिल्या सरी पडल्यावर मी उजव्या दिव्यासाठी गाडी घेऊन गेले. काकांनी काढलेला दिवा टबात होता, ते नळी तोंडात धरून फुंकत होते. रस्त्यावर गाडी थांबली. गजू उतरला. प्रवासाने चेहरा मळलेला. बापाला वाकून नमस्कार केला, मला मॅडम म्हणाला, आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "बाबा, याच्यातबी पानी येऊन राह्यलं. पाहा बरं जरा."

काकांनी नळी खाली ठेवली. हात पुसले. गाडीच्या मागे जाऊन वाकले. ऊन लागू नये म्हणून दोन्ही तळहात डोळ्यांच्या बाजूला लावून त्यांनी त्या लाल पट्टीच्या आत पाहिलं. मीही दोन पावलं पुढे होऊन पाहिलं. आत थेंब नव्हता. धुकं नव्हतं. धुळीचा कणसुद्धा नव्हता.

काका बराच वेळ वाकलेलेच राहिले. गजू बापाकडे न बघता निंबाच्या झाडाकडे बघत होता. शेवटी काका सरळ झाले. "हाय," म्हणाले. "जरासंच हाय. पन हे काम आजच्या आज नाई होत. उन्हात ठेवा लागन."

"ठेवू मंग," गजू म्हणाला. "सुट्टी टाकून आलो."

गाडी उन्हाकडे पाठ करून शेडपाशी उभी राहिली. आठवडाभर तिला कोणी हात लावला नाही. बापलेक शेजारी खुर्च्या टाकून बसायचे, कांदा फोडून भाकर खायचे. कोणी विचारलं, गाडीला काय झालं, तर दोघंही म्हणायचे, लाइटमधी पानी गेलं. मी विज्ञान शिकवते. मला कोणी विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं.

त्याच हिवाळ्यात काका गेले. सकाळी शेड उघडायला निघाले, दारातच बसले, शेजाऱ्यांनी वाशीमला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला दोन दिवसांनी कळलं. तेरवीला गेले तेव्हा शेडच्या तारेवरचे दिवे तसेच होते आणि मातीवर लाल डाग हलत होते. गजूने डोकं भादरलं होतं. सामानातलं काही हवं का विचारलं. मी नेलपॉलिशची बाटली मागितली. त्याने का म्हणून विचारलं नाही.

तो निघाला तेव्हा गाडीत बसून पुन्हा उतरला. म्हणाला, "मॅडम, तुमी थांबता का जरा? म्हनजे, मी पुलापोतर जाईपोतर." मी हो म्हणाले. तो दिवे लावून गेला. मी रस्त्याच्या कडेला, काका उभे राहत त्याच जागी उभी राहिले. लाल पट्टी पूल ओलांडून गेली, चढावर चढली, आणि चढापलीकडे उतरली. मी आणखी थोडी थांबले.

यंदा पावसाळ्यात माझ्या उजव्या दिव्यात पाणी आलं. आता नेणार कुठे? काकांना इतक्यांदा पाहिलं होतं, तर म्हटलं आपणच करू. रिसोडला घरासमोर गाडी लावली, डिकीतून दोन स्क्रू काढले आणि दिवा पहिल्यांदाच स्वतःच्या हातात घेतला. आजवर तो नेहमी काकांनीच काढला आणि काकांनीच बसवला होता. तो सुकून, सिलिकॉन भरून होईपर्यंत मी बाजारात जायची. पाणी ओतलं. पुसला. टब भरून ठेवला होता, पण त्याची गरज पडली नाही.

वरच्या कोपऱ्यात, बसवल्यावर बॉडीत झाकली जाते त्या कडेला, जांभळा ठिपका होता. त्याच्याशेजारी नखाएवढी जागा मोकळी. बाकी सगळ्या कडेने सिलिकॉन बोटाने सारखं केलेलं, आणि तेवढीच जागा चुकवून बोट पलीकडे टेकल्याची खूण.

गाडीची बॉडी वाकलेली नव्हती. ते मी मग नीट हात फिरवून पाहिलं.

मला त्यांनी शेवटपर्यंत मॅडमच म्हटलं. पोरी, बाई, बेटा, असं कधी तोंडातून निघालं नाही. सिलिकॉनची नळी मी नवी आणली होती, तिचं टोकही कापून ठेवलं होतं. तिला टोपण लावलं. खालचं भोक तेवढं काडीने साफ केलं, दिवा होता तसा बसवला आणि स्क्रू आवळले.

आता पाऊस झाला की उजव्या दिव्यात पाणी साचतं. मागून कोणी ना कोणी हॉर्न वाजवत येतो, काच खाली करतो आणि सांगतो, मॅडम, लाइटमधी पानी हाय.

मी म्हणते, हो. माहीत आहे.